गच्ची फोडलीच आहे, तर उष्णताही अडवा

मा. संपादक,
स. न.

मृग लागण्याआधी गळती थांबवायची म्हणून एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या अनेक सोसायट्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम काढतात. जुना कोबा (गच्चीवरचा वीट-तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) फोडला जातो, मलबा उतरतो, मजूर वर असतातच. वरच्या मजल्याची उष्णता अडवण्याची यापेक्षा स्वस्त वेळ पुन्हा अनेक वर्षे येत नाही. तरीही कोटेशनमध्ये ती बाब क्वचितच दिसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक दुसरा एसी घेतात.

पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खोलीत सोडत राहतो. कूलर हवा गार करतो, पण डोक्यावरच्या छताची धग अडवू शकत नाही. केंद्राच्या 2018 च्या 'इको निवास संहिते'त, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छतासाठी उष्णता-वहनाची (यू-व्हॅल्यू; आकडा जितका कमी तितकी कमी उष्णता आत येते) कमाल मर्यादा 1.2 ठरवली. उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. विटांच्या कोब्यानेही तो दोनच्या आसपासच राहतो, म्हणून 'कोबा आहे, मग इन्सुलेशन कशाला' हा ठेकेदारांचा युक्तिवाद टिकत नाही. एक इंची एक्सपीएस बोर्डाने (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे कडक, घट्ट फोमची पाटी) आकडा एकच्या खाली येतो. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाला मी दोन इंचच सुचवेन.

थरांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तडे भरून आणि गच्ची आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) देऊन वॉटरप्रूफिंग, मग किमान 48 तास पाणी साठवून चाचणी. ती पार पडल्यावरच बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम धाग्यांचे) कापड, मग जाळी घालून दोन इंची काँक्रीट आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक (चकचकीत फरश्यांच्या तुकड्यांचा थर). उतार शंभरास एक, आणि काँक्रीटला साधारण दहा फुटांवर सांधे. सांधे नसले तर पहिल्याच उन्हाळ्यात ते तडकते.

चुका ठरलेल्या असतात. स्वस्त पडतो म्हणून एक्सपीएसऐवजी साधा थर्मोकोल घातला जातो. तो पाणी धरतो आणि ओला झाला की निरुपयोगी होतो. थिनर असलेला गोंद किंवा गरम डांबर लावले तर बोर्डच विरघळतो किंवा आक्रसतो. बोर्ड महिनाभर उघडे ठेवले तर उन्हाने पृष्ठभाग पिवळा पडून भुकटी होते. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गच्चीची पातळी चारेक इंच वाढते, त्यामुळे जिन्याच्या दाराचा उंबरठा आणि पाइपांची तोंडे आधीच मोजावीत. बोर्डाचे वजन नगण्य असते, पण दोन इंची काँक्रीटचा भार चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या घरात जातो. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो चढवू नये.

खोलीच्या आत थर्मोकोलचे फॉल्स सीलिंग लावणे मला मुळीच मान्य नाही. स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि आग लागली तर त्याचा विषारी धूर जिवावर बेततो.

ज्यांना इतका खर्च झेपत नाही त्यांनी होळीच्या सुमारास गच्ची घासून चुना लावावा. कळीचा चुना भिजवून 24 तास ठेवावा, जाड कापडातून गाळावा आणि दर दहा लिटरला 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षीचे. पत्र्यावर चुना धरत नाही. तिथे पांढरा ॲक्रिलिक कूल-रूफ रंग वापरावा.

पैशांचा हिशेबही सरळ आहे. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे एसीचे वाचलेले युनिट बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. गच्ची सोसायटीच्या सामाईक मालकीची असल्याने हा खर्च एकट्या वरच्या मजल्यावर न टाकता वॉटरप्रूफिंगच्याच ठरावात घ्यावा, आणि कोटेशनमध्ये बोर्डाची जाडी, घनता आणि चाचणीचे तास लेखी मागावेत.

– एक स्थापत्य अभियंता, नागपूर