अंगणातले गॅस ग्रिल निर्धास्तपणे वापरायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागच्या अंगणात गॅसवर चालणारे बार्बेक्यू ग्रिल आज आम्ही मनात कसलीही धास्ती न ठेवता पेटवतो, ते केवळ आपल्यामुळे. समोरासमोर आभार मानायला गेले की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, इथे ग्रिलचा हंगाम सुरू होतो आणि नवे घर घेतलेली कितीतरी मराठी कुटुंबे त्याच सुमारास अशी शेगडी पहिल्यांदा घरी आणतात. आपल्यासारखे शेजारी प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, तेव्हा आपण जे शिकवलेत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आयुष्यभर कारखान्यांत दाबाखालच्या टाक्यांचे काम केलेल्या माणसाने नियमांची यादी हातात ठेवली असती, तरी आम्ही ती मान डोलावून घेतली असती. आपण मात्र आधी गॅसचा स्वभाव समजावून सांगितलात. इथल्या सिलिंडरमधला प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. त्यामुळे गळलेला गॅस वर उडून जात नाही, तर खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली आणि पुढचे बहुतेक नियम आम्हाला आमचे आम्हीच उमगत गेले. सिलिंडर गॅरेजमध्ये किंवा तळघरात का ठेवायचा नाही, तो नेहमी उभाच आणि बाहेर मोकळ्या हवेत का हवा, ग्रिल पेटवताना झाकण उघडेच का असले पाहिजे, हे आता आमच्या घरात कोणालाही सांगता येते. हे समजावून सांगितल्याबद्दल मी आपली सर्वांत अधिक ऋणी आहे.

जागा निवडण्याचे काम आपण मोजपट्टी घेऊन केलेत. आम्ही ग्रिल स्वयंपाकघराच्या दाराशी, लाकडी डेकवर ठेवणार होतो, कारण ताटे ने-आण करायला ते सोयीचे होते. आपण भिंतीवरचे प्लास्टिकचे आवरण दाखवलेत, वर पुढे आलेले छप्पर दाखवलेत आणि घरापासून १० फूट अंतरावरची फरसबंद, सपाट जागा नक्की करून दिलीत. वर झाडाची फांदी नाही ना, तेही पाहिलेत. मुलांनी आणि कुत्र्याने ग्रिलच्या ३ फुटांच्या आत यायचे नाही, म्हणून आपण फरशीवर खडूने रेघ ओढलीत. ती पावसात धुऊन गेली की मुले स्वतःच पुन्हा ओढतात. पाऊस आला तर ग्रिल गॅरेजमध्ये ओढून दार उघडे ठेवावे, अशी सूचना आमच्याच घरातून आली होती, तेव्हा आपण ठाम नकार दिलात. कार्बन मोनॉक्साइडला (गॅस जळताना तयार होऊ शकणाऱ्या विषारी वायूला) वास नसतो, रंग नसतो, आणि उघड्या दाराच्या भरवशावर राहता येत नाही, हे आपले शब्द मी इथे जसेच्या तसे देत आहे.

न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा प्रश्नही आपण त्याच आस्थेने सोडवलात. तिथे अनेक कुटुंबांच्या इमारतीत बाल्कनीत किंवा गच्चीवर २० पौंडी सिलिंडरचे ग्रिल वापरायला अग्निशमन नियमांनी बंदी आहे, हे तिला ठाऊक नव्हते. तिने आता विजेचे ग्रिल घेतले आहे आणि आपल्याला नमस्कार कळवला आहे.

सिलिंडर जोडण्याचा धडा तर मला विशेष मोलाचा वाटतो, कारण आपण स्वतः हात न लावता तो आमच्याकडून करवून घेतलात. भारतात १४.२ किलोच्या सिलिंडरवर रेग्युलेटर दाबून खटकन बसवण्याची सवय आम्हाला होती. इथे ग्रिलच्या नळीच्या टोकाला असलेली, सिलिंडरवर बसवायची मोठी काळी प्लास्टिकची चकती पाहून पाना घ्यावा असे वाटत होते. ती फक्त हाताने, उजवीकडे फिरवून घट्ट करायची, पाना लावायचाच नाही, हे आपण सांगितलेत आणि कारणही दिलेत. जोडणीजवळ आग लागून उष्णता फार वाढली, तर त्या जोडणीतला उष्णतेने मऊ होणारा भाग दबतो आणि आतली स्प्रिंग गॅस बंद करते. शिवाय चकती नीट बसल्याशिवाय सिलिंडरमधून गॅस येतच नाही. आपल्या जिवाची काळजी घेणारी इतकी योजना एका प्लास्टिकच्या चकतीमागे असेल, अशी मला कल्पनाही नव्हती. सिलिंडरवरच्या तिकोनी मुठीचे महत्त्वही तेव्हाच कळले. मर्यादेपेक्षा जास्त भरणे रोखणारा झडपेचा भाग आत असल्याची ती खूण आहे, आणि १ एप्रिल २००२ पासून तो भाग नसलेला या आकाराचा सिलिंडर इथे पुन्हा भरून मिळत नाही. द्रव प्रोपेन उन्हात तापला की फुगतो, म्हणून सिलिंडर सुमारे ८० टक्केच भरायचा आणि वरची जागा वाफेसाठी मोकळी सोडायची असते.

त्यानंतर गळतीची तपासणी. भांडी घासायचा द्रव साबण आणि पाणी समसमान घेऊन, ग्रिलचे झाकण उघडे आणि बर्नरच्या सर्व कळा बंद ठेवून, सिलिंडर हळूच उघडायचा आणि जोडणी, रेग्युलेटर व रबरी नळीच्या संपूर्ण लांबीवर ब्रशने तो फेस लावायचा. नवे बुडबुडे फुगत राहिले, तर तिथे गळती आहे. गळती दिसली तर सिलिंडर बंद करायचा. बंद करून गळती थांबली तर दुरुस्त होईपर्यंत ग्रिल पेटवायचे नाही, आणि थांबली नाही तर दूर जाऊन ९११ वर अग्निशमन दलाला बोलवायचे. स्वयंपाक चालू असताना गॅसचा वास आला, तर ग्रिल हलवण्याच्या भानगडीत न पडता आधी स्वतः लांब व्हायचे. वास हा मुळात प्रोपेनचा नसून त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, आणि भारतातल्या घरगुती गॅसलाही त्याच जातीच्या द्रव्याचा वास असल्यामुळे आमच्या नाकांना तो लगेच ओळखू येतो, हे सांगताना आपण आम्हाला किती धीर दिलात! ही तपासणी आम्ही प्रत्येक हंगामाच्या आरंभी आणि प्रत्येक वेळी सिलिंडर बदलल्यावर करतो. मुलीला त्या कामाची इतकी गोडी लागली आहे की ब्रश तिच्याच हातात असतो. सिलिंडर मात्र मोठ्यांनीच उघडायचा, हा आपला नियम ती स्वतः सगळ्यांना ऐकवते.

पेटवण्याच्या क्रमात आपण एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेतलीत, आणि ती योग्यच होती. आधी झाकण उघडायचे, मग सिलिंडर सावकाश उघडायचा, मग एकच बर्नर चालू करून ठिणगी द्यायची; ५ सेकंदांत पेटला नाही तर सगळे बंद करून, झाकण उघडेच ठेवून, ५ मिनिटे थांबायचे. झाकणाखाली साचलेल्या गॅसला ठिणगी मिळाली तर काय होते, हे आपण शांतपणे सांगितलेत. तेव्हापासून आमच्याकडे त्या ५ मिनिटांची कोणालाच घाई नसते.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ज्योती बारीक जळत होत्या आणि ग्रिल काही केल्या तापत नव्हते, तेव्हा आम्ही सिलिंडर संपला असे धरून चाललो होतो. आपण फोनवर आधी सिलिंडर किती भरला आहे ते पाहायला सांगितलेत. सिलिंडरच्या एका बाजूवर वरून कोमट पाणी ओतून हात फिरवला, तर आत द्रव असलेला भाग गार लागतो. आमच्या हाताला अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत गारवा लागला. मग आपण उलगडा केलात, की बर्नरची कळ आधीच उघडी असेल किंवा सिलिंडर झटक्यात उघडला, तर जोडणीतल्या सुरक्षा-झडपेला नळी फुटल्यासारखे वाटते आणि ती गॅसचा प्रवाह अगदी बारीक करून टाकते. सर्व कळा बंद करणे, सिलिंडर बंद करून जोडणी सोडवणे, थोडे थांबून पुन्हा जोडणे आणि मूठ अगदी हळू फिरवणे एवढाच उपाय होता. थंडीमुळे गॅस गोठला असेल ही बाबांची शंकाही आपण तेव्हाच दूर केलीत. ब्यूटेन हा दुसरा इंधनवायू शून्य अंशाच्या आसपासच वाफ होणे थांबवतो, पण प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तो चांगला चालतो. अनेक जण अशा वेळी नवे रेग्युलेटर किंवा नवे ग्रिलच विकत आणत असतील, म्हणून हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर लिहिला.

कोळ्यांविषयी आपण सांगितले नसते तर आम्हाला ते कधीच सुचले नसते. हिवाळाभर ग्रिल झाकून ठेवले की बर्नरकडे जाणाऱ्या अरुंद नळ्यांत कोळी जाळी विणतात. मग गॅसची वाट अडते आणि ज्योत बर्नरवर न येता मागे, कळांच्या बाजूला पेटू शकते. म्हणून वसंतात पहिल्यांदा ग्रिल लावण्यापूर्वी आम्ही बर्नर काढून त्या नळ्या लवचीक ब्रशने साफ करतो आणि पेटवल्यावर ज्योत निळी आहे ना, ते वाकून पाहतो. पिवळी, फडफडणारी ज्योत दिसली तर स्वयंपाक लांबवायचा, ही आपली आज्ञा आम्ही पाळतो.

जाळी घासायच्या तारेच्या ब्रशला आपण आमच्या घरातून हद्दपार केलेत, तेव्हा मला ते थोडे जास्तच वाटले होते. पण २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऱ्होड आयलंडमधल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. ब्रशची सुटलेली तार मांसाला चिकटून त्यांच्याकडून गिळली गेली होती, हे वाचल्यावर शंका उरली नाही. आता जाळी गरम असताना लांब काट्याला कांद्याची अर्धी फोड खोचून आम्ही ती पुसून काढतो. घावन काढताना तव्याला कांद्याने तेल फिरवतात तसेच ते दिसते, त्यामुळे आईने हे काम न सांगता स्वतःकडे घेतले. खालचे तेल-चरबीचे तबक प्रत्येक वापरानंतर रिकामे होते. चरबी पेटलीच तर पाणी ओतायचे नाही, सुरक्षितपणे करता आले तर बर्नर बंद करून झाकण लावायचे, हेही आपण आईकडून पाठ करून घेतलेत.

आई-बाबा सांगलीहून आले तेव्हा अंगणातल्या गॅसविषयी आईच्या मनात भीती होती. रोज रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद आहे का, हे तिने आयुष्यभर पाहिले आहे. आपण तिला समजावलेत की ग्रिलची कळ बंद करून भागत नाही, सिलिंडरची मूठही प्रत्येक वेळी बंद करायची असते, म्हणजे तिचीच सवय इथला नियम आहे. आईचा चेहरा तेव्हा उजळला. पदर आणि ओढणी खोचून घेण्याची आठवणही आपण तिला आदराने करून दिलीत. तिने नंतर ग्रिलवर वांगी भाजली. वाफेने फुटू नयेत म्हणून त्यांना टोचे मारून आणि तेल लावून. त्या भरिताला इथल्या विजेच्या शेगडीवर कधीच आली नव्हती अशी धुरकट चव होती. कोंबडी भाजताना मात्र चवीवर आणि रंगावर न जाता आम्ही आपण भेट दिलेला तापमापक वापरतो आणि मांसाच्या सर्वांत जाड भागात १६५ अंश फॅरनहाइट दिसल्याशिवाय ती उतरवत नाही.

काका, आपण सांगितलेले सारे मी मराठीत एका कागदावर लिहून काढले आहे. आई-बाबा घरी असताना तो ग्रिलजवळच्या कपाटात लावायचा आहे. त्याची प्रत या पत्रासोबत ठेवत आहे. आपण ती एकदा नजरेखालून घालावी आणि काही राहिले असेल तर पेनाने लिहून द्यावे, ही विनंती. आमच्या सिलिंडरवर कोरलेल्या तारखेला यंदा १२ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यामुळे तो पुन्हा तपासून घ्यायचा की बदलून आणायचा, याबद्दलही आपला सल्ला हवा आहे. बदलून आणायचा ठरल्यास आम्ही दोघे जाऊ; गाडीत तो उभाच ठेवायचा, तोंडाला बूच लावायचे आणि वाटेत कुठे न थांबता थेट घरी यायचे, हे आमच्या लक्षात आहे.

काकूंना सविनय नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी दोघांनीही जेवायला आमच्याकडे यावे. कणसे आणि पनीर आणून ठेवले आहे, आणि वांगी आई भाजणार आहे.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या घरातली सूनबाई