बाहेरचे खेळाडू आणून संघ उभा राहत नाही

महोदय,

आमच्या भागातला बास्केटबॉल संघ सतत हरतो आहे आणि पार्क चौकात चहा घेताना वाद ठरलेला: प्रशिक्षक बदला, नाहीतर पुण्या-मुंबईहून उंच खेळाडू आणा. चिडचिड मलाही होते. पण सामना नीट बघा. आपला गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, मान खाली घालून चेंडू आपटत (ड्रिबल करत) राहतो, मोकळा उभा असलेला सहकारी त्याला दिसतच नाही, आणि बास्केटकडे चेंडू टाकण्यासाठी मिळणारे २४ सेकंद संपत आले की तो लांबूनच भिरकावतो. सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्या भागापासून (क्वार्टरपासून) बचावाला कुणी मागे पळत नाही. हे दुखणे उंचीने बरे होणारे नाही.

बाहेरचा खेळाडू हंगाम संपला की निघून जातो. बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुले घ्या, मुलीही घ्या. पाच-सहा वर्षांत त्यांचाच संघ होईल. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे सराव भल्या सकाळी किंवा दिवे लागल्यावरच शक्य आहे. आधी कोर्टवर चांगले दिवे लावा, बास्केटमागचे फुटलेले बोर्ड बदला. आणि प्रशिक्षकाला निदान तीन वर्षे हलवू नका.

– एक बास्केटबॉलप्रेमी, सोलापूर