जुनी काडतुसं बघताक्षणी 'निकामी' कशी ठरतात?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या महाल, इतवारी भागात एखादं जुनं घर पाडताना नाहीतर विहिरीचा गाळ काढताना रायफलची काडतुसं निघतात, मग पेपरात बातमी येते, फोटोत हवालदाराच्या ओंजळीत हिरवी पडलेली काडतुसं, आणि शेवटी ठरलेली ओळ, काडतुसं ब्रिटिशकालीन असून निकामी आहेत. माझी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या तपासणीत गेली, आता रिटायर आहे, पण ही ओळ वाचली की अजूनही डोकं फिरतं. निकामी आहेत हे ठरवलं कोणी? नुसतं बघून? काडतूस चांगलं की वाईट हे त्याच्या वयावर नाही, ते कुठं आणि कसं ठेवलं होतं त्यावर असतं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी ते ब्रिटिशकालीनचं बघू. थ्री नॉट थ्रीचं, म्हणजे .३०३ च्या जुन्या रायफलीचं, काडतूस उलटं धरलं की बुडावर अक्षरं दिसतात. केएफ असेल तर ते खडकीच्या फॅक्टरीचं, ही फॅक्टरी १८६९ पासूनची आहे, आणि बाजूला दोन आकडे असतात ते साल. ४३ म्हणजे १९४३. आता स्वातंत्र्यानंतरही हा माल बनतच होता, १९६२ च्या लढाईत आपल्या जवानांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होती आणि पोलिसांकडे तर ती २६/११ नंतरही होती, त्यामुळे बुडावर ६० च्या पुढचा आकडा असेल तर त्यात इंग्रजांचा काय संबंध? एवढं वाचायला भिंगसुद्धा लागत नाही बहुतेक वेळा, पण वाचतं कोण.

आता आतली दारू. थ्री नॉट थ्रीच्या बऱ्याच काडतुसांत पावडर नसते, कॉर्डाइट असतं, शेवयांसारख्या लांब कांड्यांची जुडी. गंमत म्हणजे ही जुडी आधी भरायचे आणि पितळी पुंगळीची मान नंतर आवळायचे, कारण त्या बारक्या मानेतून जुडी आत जाणारच नाही. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन, म्हणजे आम्लात मुरवलेला स्फोटक कापूस, आणि ५ टक्के व्हॅसलिन होतं. व्हॅसलिन घातलं होतं नळी झिजू नये म्हणून, पण खरा फायदा निघाला वेगळाच, ते दारूला टिकवून धरतं. अशी दारू आपोआप हळूहळू विघटित होत असते, त्यातून आम्लाचे वायू निघतात, ते वायू शोषून घेणारा घटक संपला की मग बिघाड भराभर वाढतो. आणि गरमी वाढली की सगळंच वाढतं, दर दहा डिग्रीला वेग साधारण दुप्पट धरा. म्हणजे टिनाच्या सीलबंद पेटीत, दारूगोळ्याच्या थंड कोठारात राहिलेलं १९४३ चं काडतूस आजही खणखणीत वाजू शकतं, आणि नागपुरात पत्र्याच्या खोलीत माळ्यावर नवतप्याचे उन्हाळे काढलेलं त्याच्यापेक्षा कितीतरी नवं काडतूस बिघडलेलं निघू शकतं.

तपासणी कशी होते तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं हलवून बघितलं की कळतं. दारूचा नमुना काचेच्या नळीत घ्यायचा, वर पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चचा कागद टांगायचा, कागद अर्धा ग्लिसरीनच्या पाण्याने ओला, मग नळी ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात सोडायची आणि घड्याळ लावून बसायचं. ओल्या कोरड्याच्या सीमेवर फिकट तपकिरी रेघ किती मिनिटांनी उमटते ते बघायचं. लवकर उमटली तर दारू थकली. ही अ‍ॅबेल टेस्ट, आणि कॉर्डाइटचं १८८९ चं पेटंट घेणाऱ्या दोघांपैकी एक हेच अ‍ॅबेल साहेब. शिवाय त्याच लॉटची, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेची, काही काडतुसं रेंजवर झाडून बघतात. म्हणूनच खोक्याला इतकी किंमत. लॉट नंबर खोक्यावर असतो, खोकं गेलं की त्या सुट्या काडतुसाचा इतिहास गेला, आणि इतिहास नसलेला माल कोणी पास करत नाही, मग तो वरून कितीही छान दिसो.

दिसण्यावर तर जाऊच नका. काळपट डाग म्हणजे बहुतेक नुसतं पितळ काळवंडलेलं, त्याने काही बिघडत नाही. हिरवा गंज खोल गेला असेल, बुडातल्या टोपीभोवतीचं (दारू पेटवते ती टोपी) लाखेचं सील उडालं असेल, गोळी मानेत सैल हलत असेल तर मामला वेगळा. मानेवर उभी बारीक चीर असेल तर सगळ्यात वाईट. ह्या चिरेची गोष्ट आपल्याच देशातली आहे बरं का, इंग्रजांच्या फौजेने पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवली, मुतातल्या अमोनियाने ताणलेलं पितळ तडकलं, आणि त्याचं नीट कारण छापून यायला १९२१ उजाडलं. उलट पितांबरीने घासून शोकेसमध्ये ठेवलेलं काडतूस चकचकीत दिसतं, पण आतलं काही सांगत नाही. जिवंत काडतूस घासू नका हे वेगळं सांगायला नको, पण लोक घासतात.

धोक्याचंही नीट लिहा. बंदुकीबाहेर काडतूस पेटलं तर गोळी सिनेमात जाते तशी जात नाही, पण पुंगळी फाटते, तुकडे डोळ्यात जातात, भंगारवाल्याच्या हातोड्याखाली तर नक्कीच. आणि बंदुकीत घातलं तर आणखी वाईट. गावाकडे रानडुकरांसाठी लायसन्सची पॉइंट थ्री वन फाइव्ह रायफल असते, आजोबांच्या वेळचा काडतुसांचा डबा असतो, वाया काहून घालवायचा म्हणून वापरतात. चाप ओढला, काहीच झालं नाही, तर नळीचं तोंड समोरच ठेवून तीस सेकंद थांबा, कधी कधी उशिरा उडतं. आणि नेहमीच्या धडाक्याऐवजी फुस्स आवाज आला तर तिथेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते, वरून दुसरी झाडली की नळी फुटते. जुन्या टोप्यांमधल्या रसायनाने नळीत मिठासारखा क्षार राहतो तो वेगळाच, तो तेलाने जात नाही, फौजेत उकळतं पाणी ओतायचे.

साहेब, स्फोटकांचं देशातलं मुख्य ऑफिस, पेसो, आपल्याच शहरात, अंबाझरीची दारूगोळा फॅक्टरी इथेच, भंडारा अन् भद्रावतीच्या फॅक्टऱ्या जवळ, पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो तासा दोन तासावर. पुलगावजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना सहा माणसं गेली, तो माल मोठा होता, रायफलची काडतुसं नव्हती, पण जुनाच होता ना. एवढं सगळं भोवती असून आपल्याच पेपरात निकामी लिहून येतं.

एक करा. बातमीदाराला बुडाचा फोटो घ्यायला सांगा, अक्षरं वाचून साल छापा, आणि तपासणी झाली नसेल तर 'तपासणी बाकी' असं लिहा. खाली दोन ओळी घाला की सापडलं तर हात लावू नका, लेकरांना लांब करा, ११२ ला फोन करा, कारण लायसन्सशिवाय एक काडतूस घरात ठेवणंही शस्त्र कायद्यात गुन्हा आहे. आणि त्या हवालदाराला ओंजळीत घेऊन पोझ द्यायला लावू नका.

आपला,
एक निवृत्त वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर