माझ्या सेंटर बॅक ताईला

प्रिय ताई,

हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण आपल्याकडे वॉटर पोलो खेळणाऱ्या मुलींनी ते वाचावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गोलासमोर खेळणाऱ्या सेंटरने गोल मारायचे, एवढंच काठावरून बघणाऱ्याला दिसतं. मी सेंटर, तू सेंटर बॅक. समोरच्या सेंटरला रोखण्यातच तुझी सगळी कारकीर्द गेली. आणि तूच मला बाजूला घेऊन सांगितलंस, की डिफेंडरला गोलापेक्षा शिट्टीची धास्ती जास्त. एक्स्क्लूजन, म्हणजे मोठ्या फाउलची शिक्षा, मिळालं की ती काही सेकंद खेळाबाहेर. तेवढा वेळ आपण सहा आणि त्या पाच. असे तीन झाले की तिचा सामनाच संपला. आपल्या जागेचं हे मर्म समोर खेळणाऱ्या मुलीला कोण सांगतं गं?

सगळ्यात मोठं ऋण आहे ते चेंडू सोडायला शिकवल्याचं. हातात चेंडू असेपर्यंत डिफेंडरने धरलं, ओढलं, पाण्याखाली दाबलं तरी शिट्टी वाजत नाही. चेंडूला नुसता हात टेकलेला असला तरी नियमाने तो धरलेलाच. म्हणून चेंडू आला की तो घट्ट पकडून ठेवावासा वाटतो, तेच डिफेंडरला हवं असतं. सरावात तू माझ्या पाठीला चिकटायचीस आणि कानाशी म्हणायचीस, “धरलंय मी, सोड आता!” तुझी पकड खांद्यावर आवळली रे आवळली की मी पंजा उघडून चेंडूवरून वर घ्यायचा. चेंडू वीतभर पुढे तरंगतोय, माझी रिकामी बोटं पाण्याबाहेर आहेत आणि तुझा हात अजून माझ्या खांद्यावर, एवढं काठावरच्या रेफ्रीला स्वच्छ दिसलं पाहिजे. आधी सोडला तर तू चेंडू पळवणार, उशिरा सोडला तर मी पाण्याखाली. ती नेमकी वेळ साधेपर्यंत, स्वतःचा सराव संपल्यावरही, तू माझ्यासाठी पाण्यात थांबत राहिलीस.

आणि हे सगळं पायांच्या जोरावर. पास यायच्या आधीच कंबर फिरवून डिफेंडरला पाठीवर घ्यायचं, एगबीटर, म्हणजे तरंगत राहण्यासाठी पाय आळीपाळीने गोल फिरवणं, थांबू द्यायचा नाही, म्हणजे ओढल्याशिवाय तिला पुढे येताच येत नाही. पाय दमले की हात तिला ढकलायला धावतात आणि शिट्टी आपल्याच विरुद्ध वाजते. बुडाल्याचं सोंग मात्र तू कधीच खपवून घेतलं नाहीस. पुन्हापुन्हा सोंग केलं तर टीमला पिवळं कार्ड मिळू शकतं हे आहेच, पण तुझा राग त्याच्याही पलीकडचा होता. जागा कमावली असेल तर समोरचीला फाउल करावाच लागतो, असं तू म्हणायचीस. मला ते शंभर टक्के पटतं.

बाहेरून खेळणाऱ्या मुलींनाही तू असंच घडवलंस. सहा मीटरच्या पिवळ्या खुणेबाहेर फाउल मिळाला तर थेट गोलवर मारता येतं, म्हणून डिफेंडरला तिथेच अंगावर घ्यायला शिकवलंस. आत शिरलो, तोंड गोलाकडे आहे आणि मारताना मागून अडवलं, तर पेनल्टी. फ्री थ्रो, म्हणजे साध्या फाउलनंतर चेंडू मोकळेपणी टाकायची संधी, मिळाला की पास देऊन त्याच दमात गोलाकडे सुटायचं, कारण शिट्टीनंतर डिफेंडर क्षणभर सैलावते आणि मग घाबरून पाय नाहीतर कॉस्च्यूम धरते.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा वॉटर पोलो 1900 पासून आहे, बायकांचा आला तो 2000 साली, सिडनीत. आपल्या पिढीतल्या मुलींना अनुभवाचं काही विचारावं अशा मोठ्या बहिणी या खेळात फार थोड्या होत्या. मला तू मिळालीस, आणि तू काहीही राखून ठेवलं नाहीस. त्याबद्दल मनापासून आभार, ताई.

आता एक मागणं. सुट्टीत ज्युनिअर मुलींचा सराव सुरू होतोय. त्यांच्यात एक सेंटर आहे, पायांनी दणकट, नजर चांगली, पण चेंडू काही केल्या सोडत नाही. तिच्या पाठीवर तूच हवीस. शनिवारी संध्याकाळी तलावावर येशील?

तुझीच,
सेंटर