सस्पेन्शनचे काम घरी करताना गाडीचा भार कशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीची लहानसहान दुरुस्ती घरीच करावी, असे सांगणारे लेखन अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर येते आणि त्याचे मी स्वागतच करतो. एअर फिल्टर, वायपर, दिवे इथवर ते उपयोगीही असते. मात्र त्याच सहज सुरात ते सस्पेन्शनकडे, म्हणजे चाके गाडीला जोडून रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बर, लोअर आर्म, लिंक रॉड अशा भागांकडे वळते, तेव्हा त्यात पान्यांची यादी असते, नट सोडण्याचा क्रम असतो. पण नट सोडताना आणि आवळताना गाडीचा भार नेमका कशावर आहे, याविषयी बहुधा चकार शब्द नसतो. सस्पेन्शनचे काम इतर कामांहून वेगळे ठरते ते यामुळेच, म्हणून हे पत्र.

जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, उचललेली धरून ठेवण्याचे नव्हे, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि तरीही पाळले जात नाही. जमीन टणक व सपाट हवी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे हवेत आणि निर्मात्याने नेमून दिलेल्या जागी भार धरून ठेवणारे स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा जाऊ नये. विटांच्या थप्पीवर तर मुळीच विसंबू नये. वीट तडकते ती पूर्वसूचना न देता.

खरी धास्ती स्प्रिंगची. आज असंख्य गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात आखलेल्या या रचनेत कॉइल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकातच गुंफलेले असतात. जागा वाचते, सुटे भाग कमी लागतात; पण नुसता शॉक ॲब्सॉर्बर बदलायचा झाला तरी स्प्रिंगला हात घालावा लागतो. पुढे इंजिन असलेल्या, १,२०० किलो वजनाच्या गाडीत पुढच्या एकेका स्प्रिंगवर ३०० किलोंच्या आसपास भार असतो. गाडी उचलली की चाक लोंबकळते, स्प्रिंग सैलावते आणि ती आता मोकळी झाली, असा समज होतो. प्रत्यक्षात उरलेला दाब शॉक ॲब्सॉर्बरच्या रॉडच्या वरच्या टोकाचा एकच नट रोखून धरत असतो. स्प्रिंग आवळून न धरता तो सोडला, तर माउंटसकट, म्हणजे स्ट्रट वर गाडीला जोडणाऱ्या भागासकट, सारे काही उसळून अंगावर येते. यासाठी मिळणारे हाती वापरायचे स्प्रिंग कॉम्प्रेसर वेटोळ्यावरून निसटू शकतात, म्हणून माझे मत स्पष्ट आहे: घरी काम करणाऱ्याने स्ट्रट अख्खा काढावा आणि स्प्रिंगसह जोडून आलेला तयार स्ट्रट बसवावा, नाहीतर काढलेला स्ट्रट योग्य यंत्र असलेल्या कार्यशाळेत नेऊन द्यावा. यात कसलाही कमीपणा नाही. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जोडीनेच बदलावेत, डावा आणि उजवा.

मागच्या बाजूला शॉक ॲब्सॉर्बर व स्प्रिंग वेगवेगळे असतील, तर काम सोपे वाटते आणि असतेही. पण तिथे ॲक्सल, म्हणजे मागची चाके जोडणारा आडवा दांडा, किती खाली जाईल याला बऱ्याचदा शॉक ॲब्सॉर्बरच मर्यादा घालत असतो. ॲक्सलखाली जॅकचा आधार न देता शॉक ॲब्सॉर्बरचा बोल्ट काढला, की ॲक्सल खाली कोसळतो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि स्प्रिंग जागेवरून सुटते.

आता बुशविषयी, म्हणजे सांध्यातल्या रबरी तुकड्याविषयी, कारण इथली चूक कुणाला इजा करत नाही आणि म्हणूनच ती कधी उघडकीला येत नाही. लोअर आर्म म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा; त्याच्या बुशमध्ये आतली धातूची नळी आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबर पक्के चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याला जखडली जाते आणि आर्म वरखाली होताना रबर फक्त पिळले जाते, घसरत नाही. चाक लोंबकळत असताना हा बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची पीळ नसलेली अवस्था त्या लोंबत्या स्थितीत पक्की होते. गाडी खाली उतरवताच ते पिळलेल्या कपड्यासारखे ताणले जाते आणि उभ्या गाडीतही तसेच राहते. मग नवे बुश अल्पावधीत फाटते, जुनी खडखड परत येते आणि दोष दिला जातो सुट्या भागाला. बोल्ट आधी नुसते बसते करावेत आणि चाकांवर भार आल्यावर, किंवा आर्मखाली जॅक देऊन तो गाडी चाकांवर उभी असतानाच्या उंचीला आणल्यावरच, टॉर्क रेंचने, म्हणजे नेमून दिलेल्या जोराने (टॉर्कने) आवळता येणाऱ्या पान्याने, शेवटचे आवळावेत.

लिंक रॉडचे नेमके उलट आहे. वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या अँटी-रोल बारला तो जोडलेला असतो. एकच चाक उचलले तर त्या बारला पीळ बसतो आणि बोल्ट भोकातून निघता निघत नाही. दोन्ही चाके सारखी लोंबकळत ठेवली, की तो हाताने सरकतो. नट फिरवताना आतला बॉलही सोबत फिरू लागतो, तेव्हा बोल्टच्या टोकाला षट्कोनी चावी धरावी लागते, एवढीच काय ती कटकट.

स्ट्रट किंवा आर्म बदलल्यावर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, तपासून घ्यावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे असा लेख छापण्यासाठी येईल तेव्हा कोणता बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळायचा आणि कोणता भार जमिनीवर आल्यानंतर, एवढी नोंद लेखकाकडून अवश्य मागून घ्यावी, ही विनंती. निर्मात्याच्या दुरुस्ती पुस्तिकेत ती बहुधा टॉर्कच्या आकड्यांच्या आसपासच दिलेली असते.

आपला,
एक वाचक