सूचना: निकालाच्या दिवसांतील फोनपाळीबाबत

सर्व सोबती स्वयंसेवकांना,

दहावी-बारावीचे निकाल तोंडावर आलेत. चांगले मार्क पडलेली मुलंही फोन करतात, तेव्हा आधी टक्के विचारू नका.

जगणं नको झाल्याचा सूर लागला तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. "तसलं काही करणार नाहीस ना?" असं विचारलंत, की समोरचा "नाही" म्हणून मोकळा होतो आणि बोलणं तिथेच खुंटतं.

"कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका.

ठरवलंय असं उत्तर आलं, तर फोन न ठेवता पाळीवरच्या ताईंना जोडून घ्या. 112 किंवा 108 ला त्या कळवतील. घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवायला मोठ्यांना त्याच सांगतील. बांबोळीच्या आयपीएचबीचं, म्हणजे गोव्यातल्या सरकारी मनोरुग्णालयाचं, नाव जपून घ्या. आपल्याकडे ते अजून धमकीसारखं ऐकू येतं.

आपली पाळी नसताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 द्या: मोफत, चोवीस तास. 18 वर्षांखालच्यांना चाइल्डलाइनचा 1098 देखील.

अवघड फोननंतर लगेच पुढचा घेऊ नका. आधी ताईंशी बोला.