रविवारच्या बैठकीआधी: नाणी घासू नका

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी आपापली चांदीची नाणी आणताना ती घासून चकचकीत करू नका, ही कळकळीची विनंती. काळसर थर हवेतल्या गंधकामुळे येतो, त्याने नाणे बिघडत नाही. घासल्याने मात्र पृष्ठभाग झिजतो आणि संग्राहकांच्या लेखी किंमत कायमची उतरते. पीव्हीसीच्या पाकिटातली नाणी आजच बाहेर काढा, त्यांच्यावर हिरवट चिकट थर चढतो. गुंतवणुकीच्या नाण्यांचे वजन (१ ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम) आणि शुद्धता लिहून आणा. आजी-आजोबांकडून आलेले नाणे असेल, तर ते कुणी, कधी, कशासाठी दिले याची चिठ्ठी सोबत ठेवाच. माझ्या मते ही चिठ्ठी सगळ्यांत मोलाची. वजनकाटा आपल्याकडे आहे, आणू नये.